पेडलखालचं लिंबू

माझा भाऊ रंगराव याला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली तो रेसिंगमध्ये फार वरच्या नंबरावर आहे असं ऐकून बाहेरगावचे लोक त्याला ट्रॅक्टर मागेपुढे घ्यायला बोलावतात आणि मग भिंती पडतात.

लग्नानंतर दादाने हौसेने लुना घेतली होती. सुरू कशी करायची ते दुकानदाराने दाखवलं, पण ब्रेक कुठे असतो ते विचारायचं राहून गेलं. दादा गावात आला आणि मारुतीच्या देवळाभोवती फिरत राहिला. लोकांना वाटलं नवस बोलला असेल, म्हणून कोणी थांबवलंही नाही. शेवटी तो लुनासकट गावतळ्यात शिरला. कमरेएवढं पाणी होतं, लागलं काहीच नाही, पण त्या दिवसापासून गावात त्याचं नाव 'लुनाबुडवे' पडलं. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला गेला तेव्हासुद्धा लोक म्हणाले, या लुनाबुडवे, बसा. तो हसायचा. मी त्याची धाकटी बहीण आहे, मला ते हसणं खरं नाही हे कळायचं. त्यानंतर त्याने स्वतःहून कुठल्याही वाहनाला हात लावला नाही. स्कूटी वहिनी चालवते आणि हा मागे पिशवी धरून बसतो.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, रोहिणखेडच्या जरा अलीकडे. तिथे धम्मदीपचं ऑनलाइन सेंटर आहे. पीक विमा, दाखले, झेरॉक्स, सगळं तिथेच. धम्मदीप कॉम्प्युटर शिकलेला, दोन लेकरांचा बाप, डोक्याने शांत. त्याने सेंटरच्या मागच्या खोलीत रेसिंगचा ऑनलाइन गेम बसवला. नुसता मोबाइलवरचा नाही. दोन खुर्च्या, दोन मोठे पडदे, खरोखरच्या गाडीचं असावं तसं स्टिअरिंग आणि पायाखाली पेडल. दादा विम्याचा फॉर्म भरायला गेला, सर्व्हर डाऊन होता, बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून तो त्या खुर्चीत बसला. सर्व्हर दुपारी सुरू झाला. दादा तिन्हीसांजेला उठला, आणि फॉर्म भरायचा राहूनच गेला.

का कोण जाणे, त्या खोट्या रस्त्यावर त्याचे हातपाय बरोबर चालायला लागले. वर्षभरात ब्राझीलचे आणि फिनलंडचे लोक त्याला नावाने ओळखायला लागले. मग गावालाही तो गेम चढला. पोट्ट्यांनी शाळेजवळच्या वळणाला रेसच्या रस्त्याला असतात तसे लाल-पांढरे पट्टे मारले. दूधवाला वळण आतून घेऊ लागला आणि त्याचं दूध बाहेर सांडू लागलं. कोणी शौचाला गेलं असेल तर घरची माणसं आता, शर्यतीतली गाडी मधेच दुरुस्तीला थांबते तसं, 'पिटमध्ये गेलेत' असं सांगतात. मी बुलढाण्याच्या शाळेत जन्म घालवून निवृत्त झाले आणि गावी परतले, इतकी एकाग्रता मी पोरांमध्ये कधी पाहिली नव्हती, आणि मला त्याचा रागच येतो.

मुख्य म्हणजे दादाला कोणी लुनाबुडवे म्हणेनासं झालं. रंगरावभाऊ म्हणू लागले. धम्मदीपच्या भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो लागला. हार घातलेला फोटो भिंतीवर लावत नाहीत असं वहिनीने बजावलं तेव्हा फोटो राहिला आणि हार निघाला.

यंदा अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलवायचं, कपडे करायचे, अनारशांचं वाण द्यायचं आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. तीन वर्षांतून एकदा येणारा महिना, आणि आमच्या काजलच्या लग्नानंतरचा पहिलाच. जावई धोंडे न खाता गेला तर तीन वर्षं सासरी पोरीला ऐकावं लागतं, आणि इकडे गावात आईला. सरस्वतीवहिनी आठ दिवस आधीपासून कामाला लागली होती. तिला एवढंच हवं होतं, की जावयाने पोटभर जेवून हसत जावं.

जावई गोपालराव देऊळगाव राजाचे. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. माणूस सज्जन, पण गाडीच्या बाबतीत अगदी सोवळ्यातला. चाळिसाच्या वर काटा जाऊ देत नाहीत. उभ्या गाडीत बसले तरी पट्टा लावतात. त्यांनी शिकवलेला माणूस तालुक्यात कुठेही ओळखू येतो, कारण तो रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवून वळतो.

ते आले त्याच दुपारी दादाने त्यांना हौसेने सेंटरवर नेलं. जावयाला आपला मान दाखवावा, एवढाच त्याचा हेतू. एक डाव खेळू म्हणाला. गोपालराव खुर्चीत बसले, आधी छातीवर पट्टा शोधला, मग नसलेला आरसा हाताने नीट केला, आणि इंडिकेटर देऊन निघाले. त्या गेममध्ये इंडिकेटर असतो हे गावाला त्या दिवशी कळलं. दादाने त्यांना मागून गाठलं, ओलांडलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा मागून येऊन ओलांडलं. पोट्टे हसायला लागले. एकजण म्हणाला, मास्तर, एल बोर्ड लावा.

गोपालराव उठले. घरी आले, हातपाय धुतले, आणि पोट भरलं आहे म्हणाले. पाहुणचाराचे पोहे तसेच राहिले. जावई रुसला, हे कोणाला सांगावं लागत नाही.

रुसलेल्या जावयाला काय हवं ते विचारायची पद्धत आहे. कोणी अंगठी मागतो, कोणी मोटारसायकल. वहिनीने काजलकरवी विचारलं. गोपालरावांनी अंगठी मागितली नाही. उद्या धोंड्याच्या जेवणाआधी, सगळ्या गावासमोर, आणखी एक शर्यत हवी, असं त्यांनी सांगितलं. जिंकलो तर जेवीन, हरलो तर तसाच देऊळगावला जाईन. त्यांचंही बरोबर होतं. सासऱ्याने दोनदा ओलांडलेल्या मास्तरकडे गाडी शिकायला कोण येणार?

वहिनी दादाला म्हणाली, हरून टाका. दादा म्हणाला की मुद्दाम हरता येत असतं तर त्याने लुनासुद्धा मुद्दाम बुडवली असं सांगितलं असतं. याचा अर्थ वहिनीलाही कळला नाही आणि मलाही नाही, पण तो ऐकणार नाही एवढं कळलं.

आता लिंबाचं सांगते. नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यावरून न्यायची, ही सगळीकडची रीत. गेमच्या गाडीला जमिनीला टेकलेलं चाकच नाही, मग लिंबू ठेवायचं कुठे, यावर गावात पुष्कळ वाद झाला होता. शेवटी असं ठरलं की मोठ्या शर्यतीआधी स्टिअरिंगला हळदकुंकू लावायचं, उंबऱ्यावर नारळ फोडायचा आणि अॅक्सिलरेटरच्या पेडलखाली एक पिकलेलं लिंबू ठेवायचं. खेळणाऱ्याने पहिल्या दाबात ते चिरडायचं. धम्मदीपला हे मुळीच पटत नव्हतं. वायरमध्ये रस जातो म्हणून तो कुरकुरायचा, पण गिऱ्हाइकांपुढे इलाज नाही म्हणून खाली पॉलिथिन अंथरायचा.

आणि लिंबू नेहमी माझ्या अंगणातल्या कागदी लिंबाच्या झाडाचं.

सकाळी वहिनी आली. पिकलेली लिंबं खाली पडली होती ती तिने बघितलीही नाहीत. वरची हिरवी फांदी वाकवून एकेक लिंबू नखाने टोचून पाहत राहिली.

"पुष्पाबाई, मले कडक पाहिजे. गोट्यासारखं."

"काऊन? पूजेले तं पिकलं लागते."

"पिकलं चिरडते," वहिनी म्हणाली. "न चिरडनारं पाहिजे. पेडल खाली गेलं नाई तं गाडी पळत नाई. ह्यायची गाडी पळाली नाई तं जवाई जेवतीन. ह्यायचं नाव राह्यलं काय न गेलं काय, माह्या पोरीले नांदाचं हाय."

ती गेली आणि मी चहा टाकला. चहा उकळतो न उकळतो तोच काजल आली. तिनेही खालची लिंबं बघितली नाहीत. तीही हिरव्या फांदीला लोंबकळली. मी विचारलं, बाबाच्या पेडलचं लिंबू तुझी आई घेऊन गेली, तुला कशाला हवं? ती खाली बघून म्हणाली, यांच्या पेडलसाठी.

"आत्या, बाबाले जनमभर लुनाचं आयकाव लागलं. आता कुठं मान मिळून राह्यला. तो माह्याच नवऱ्यानं काढून घ्याव का? हे उपाशी गेले तं जातीन. मी पाहून घेईन त्यायले."

मला तिचा अभिमान वाटला आणि तिच्या आईचीही बाजू पटली. म्हणून मी दोघींनाही लिंबू दिलं आणि दोघींनाही एकमेकींचं सांगितलं नाही. झाड माझं आहे, निवाडा करायचं काम माझं नाही.

शर्यतीला सगळं गाव जमलं. मे महिन्याचं ऊन, आत दोन कूलर घरघरत होते, बाहेर मांडवात तिसरा पडदा लावला होता. धम्मदीप माइकवरून बोलत होता. रस्ता ठरला होता तो त्या गेममधला सगळ्यात अवघड, कुठल्यातरी परदेशी डोंगरातला. त्याचं शेवटचं वळण तळ्याकाठून जातं आणि वळण संपलं की लगेच शेवटची रेघ. तिथे भले भले पाण्यात जातात. दादा कधी गेला नव्हता. तळ्याकडे बघायचंच नाही, असा त्याचा नियम होता.

वहिनीने दादाच्या स्टिअरिंगची पूजा केली, काजलने गोपालरावांच्या. दोघींनी पदराआडून लिंबू काढून पेडलखाली सारलं. दोघीही एकमेकींकडे न बघता मागे सरकल्या. नारळ फुटला, धम्मदीपने शिट्टी वाजवली आणि शर्यत सुरू झाली.

म्हणजे सुरू झाली असं धम्मदीपने सांगितलं म्हणून कळलं. दोन्ही गाड्या, ज्या एरवी वेगामुळे डोळ्याला दिसत नाहीत, त्या वरातीच्या चालीने निघाल्या. दादाने पेडल दाबलं, लिंबू फुटेना. त्याने जोर लावला, तरी फुटेना. त्याचं कपाळ घामाने भरलं. वाकून लिंबू काढावं, तर पूजेचं लिंबू चिरडायचं असतं, काढायचं नसतं. काढलं की अपशकुन. तो दात ओठ खात चाळिसाने चालला.

गोपालरावांना मात्र काहीच वावगं वाटलं नाही. गाडी चाळिसाने चालली आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. काल गाडी अंगावर येत होती, आज कशी शहाण्यासारखी चालते, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते प्रत्येक वळणाला हॉर्न देत होते, इंडिकेटर देत होते, आणि दादाच्या मागे सुरक्षित अंतर ठेवून चालले होते.

धम्मदीपला बोलायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने पीक विम्याची शेवटची तारीख सांगितली. ब्राझीलचे लोक ऑनलाइन बघत होते, त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. धम्मदीपने धार्मिक कारण आहे असं लिहून पाठवलं. काही माणसं उठून घरी गेली, गुरांना पाणी दाखवून परत आली, तरी गाड्या तोच डोंगर चढत होत्या. मांडवात चहा फिरला. वहिनी आणि काजल दोघीही आपापल्या गाडीकडे समाधानाने आणि दुसऱ्या गाडीकडे आश्चर्याने बघत होत्या. मला हसू आवरेना म्हणून मी तोंडात पदर कोंबला.

असं करत दोन्ही गाड्या तळ्याच्या वळणावर आल्या. दादा पुढे, गोपालराव मागे. हे एवढं वळण आणि मग रेघ. कोणीतरी मांडवातून ओरडलं, रंगरावभाऊ, बैल सोडले का? दादाचा संयम तिथे संपला. त्याने खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि दोन्ही पाय उचलून पेडलवर आदळले.

लिंबू फुटलं. रस धम्मदीपच्या विजारीवर उडाला. आणि इतका वेळ अडवून धरलेली गाडी बाणासारखी सुटली. वळण वळली नाही, सरळ गेली, कठडा तोडून उडाली आणि तळ्याच्या मधोमध जाऊन पडली. पडदाभर निळं पाणी झालं.

मग मागून एक म्हातारा सहज बोलावं तसं म्हणाला, "लुना."

मग सगळा मांडव हसला. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसली. इतक्या वर्षांत लोक विसरले असं आम्हाला वाटलं होतं, कोणीच विसरलं नव्हतं. दादा पाण्यात गेलेल्या गाडीचं स्टिअरिंग अजून फिरवत होता. तोही हसायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं. मला त्या गावाचा असा राग आला की मी चहाचा कप आपटला. काजल रडायला लागली.

गोपालराव चाळिसाने वळणावर आले. समोर रस्ता मोकळा, पुढे शेवटची रेघ. रस्ता धरून गेले की जिंकले. वहिनीने हात जोडले होते. गोपालरावांनी रेघेकडे पाहिलं. मग मान वळवून शेजारच्या खुर्चीत बसलेल्या सासऱ्याकडे पाहिलं. आणि शिकाऊ माणसाशी बोलायच्या त्यांच्या रोजच्या आवाजात ते म्हणाले, "मामा, घाबरायचं नाही. पाय ब्रेकवर ठेवा. मी येतोय."

त्यांनी नसलेल्या आरशात पाहिलं. डावा इंडिकेटर दिला. हॉर्न वाजवला. आणि रेघ हाताच्या अंतरावर असताना गाडी सावकाश वळवून, कठड्याच्या तुटलेल्या जागेतून, काठावरून खाली, त्यांनी ती तळ्यात घातली. ती हळूहळू पाण्यात शिरली आणि दादाच्या गाडीशेजारी, नीट अंतर सोडून, उभी राहिली. इंडिकेटर पाण्यातही लुकलुकत होता.

मांडवातलं हसणं एकेक करून थांबलं. दोघांना एकदम हसायची सवय गावाला नव्हती.

"जवाईबापू," दादा म्हणाला, "तुमी काऊन आले? तुमी तं जितले होते."

"शिकाऊ माणूस पाण्यात असताना मास्तर पुढं निघून जात नाही, मामा."

दादाने पडद्यावरच्या त्या दोन गाड्यांकडे पाहिलं. मग त्याने सगळ्या गावासमोर, लुना घेतली त्या दिवशी जे विचारायचं राहून गेलं होतं, ते विचारलं.

"मले खरी गाडी शिकवान का? पयले ब्रेक कुठं असते ते सांगजा."

"माझ्या गाडीला दोन असतात," गोपालराव म्हणाले. "एक माझ्या पायाखाली. तुमचा चुकला तर मी आहे."

रेघ कोणीच ओलांडली नाही, म्हणून गेमने दोघांनाही बाद केलं. गोपालराव जिंकले नव्हते, म्हणून त्यांच्या शब्दाप्रमाणे त्यांनी जेवायला नको होतं. वहिनी पाटाजवळ ताट घेऊन उभी होती. गोपालराव आले, पाटावर बसले आणि म्हणाले की हरलोही नाही, तेव्हा वाढा. वहिनीने तूप इतकं वाढलं की धोंडे त्यात दिसेनात. त्यांनी मागून घेऊन खाल्लं. मला वाटतं वहिनी त्या महिन्यात पहिल्यांदा खाली बसली.

जेवण चाललं असताना धम्मदीप विजार बदलून आला. गोपालरावांच्या पेडलखाली सापडलेलं हिरवंगार, अख्खं लिंबू त्याने त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. दुसरं फुटलं, हे का फुटलं नाही, असं त्याने भाबडेपणाने विचारलं. काजल एकाएकी रांगोळी न्याहाळू लागली. वहिनी आणखी तूप आणायला आत गेली. मी म्हटलं, यंदा ऊन फार, लिंबं कडक झालीत. गोपालरावांनी ते लिंबू उचललं, दादाकडे पाहिलं, काजलकडे पाहिलं, आत गेलेल्या वहिनीच्या दिशेने पाहिलं, आणि विळीवर कापायला दिलं. वरणभातावर पिळलं तर थेंबही निघेना.

ऊन उतरल्यावर अंगणात एल बोर्डाची गाडी उभी राहिली. चालवायच्या जागी दादा बसला, पट्टा लावून. गोपालराव शेजारी. निम्मं गाव कुंपणाला टेकून होतं, पण कोणी तळ्याचं नाव काढलं नाही; तळं मात्र कुठल्या दिशेला आहे ते सगळे बघून ठेवत होते. वहिनी हळदकुंकवाचं ताट आणि एक लिंबू घेऊन आली आणि चाकाशी वाकली.

गोपालराव म्हणाले, "थांबा, मामी." ते खाली उतरले, तिच्या हातातलं लिंबू घेतलं, अंगठ्याने दोन्ही बाजूंनी नीट दाबून पाहिलं, आणि पिकलेलं आहे अशी खात्री झाल्यावरच ते तिला चाकाखाली ठेवू दिलं.